मिराकचे भूत (एनजीसी ४०४) इंदूर परिसरातून हौशी दुर्बिणीने कसे पाहावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र संपून माळव्यातले आकाश निवळले की, इंदूरमधल्या ज्या मंडळींनी नुकतीच दुर्बीण घेतलेली असते त्यांच्याकडून या एका दीर्घिकेबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा होते. ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, नकाशात तिच्यावर बोटही ठेवता येते, आणि तरीही आयपीसला, म्हणजे दुर्बिणीत जिथून पाहायचे त्या भिंगाला, डोळा लावल्यावर ती दिसत नाही. या दीर्घिकेच्या बाबतीत अडचण शोधण्याची नसून शेजारच्या ताऱ्याच्या झगमगाटाची आहे, आणि तो झगमगाट कसा आवरायचा हे एकदा समजले की मध्यम आकाराच्या दुर्बिणीतूनही ती हाती लागते. म्हणून खालची बरीचशी उत्तरे त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

एनजीसी ४०४ ही नेमकी काय आहे, आणि तिला ‘मिराकचे भूत’ का म्हणतात?

देवयानी तारकासमूहात मिराक, म्हणजे बीटा देवयानी, हा दुसऱ्या प्रतीचा नारिंगी तारा आहे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी). त्याच्यापासून जेमतेम ७ कलांवर (६० कला म्हणजे एक अंश), वायव्येपेक्षा थोडी उत्तरेकडे झुकलेल्या दिशेला, ही भिंगाकार जातीची दीर्घिका आहे. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा व्यास सुमारे ३० कला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ७ कला किती थोड्या ते कळेल. दीर्घिकेची प्रत सुमारे १०.३ आहे आणि मिराकची सुमारे २. याचा हिशेब केला तर तारा दीर्घिकेपेक्षा जवळपास २००० पटींनी तेजस्वी ठरतो. एवढ्या प्रखर ताऱ्याला चिकटून असलेला हा अंधुक गोल डाग छायाचित्रांतही पुष्कळदा भिंगातल्या परावर्तनासारखा वाटतो, आणि ‘भूत’ हे नाव त्यावरूनच पडले. विल्यम हर्शेल यांनी १३ सप्टेंबर १७८४ रोजी ती प्रथम नोंदवली. पुढे १८८८ साली ड्रायर यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू जनरल कॅटलॉग’ (एनजीसी) या यादीत तिला ४०४ हा क्रमांक मिळाला.

भिंगाकार दीर्घिका म्हणजे काय?

इंग्रजीतल्या ‘लेन्स’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ मसूर असा होतो. मधे फुगीर आणि कडेला निमुळता होत गेलेला मसुराचा दाणा आडवा धरून पाहिला की या जातीच्या दीर्घिकेचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. मध्यभागी ताऱ्यांचा दाट फुगवटा असतो आणि त्याभोवती तबकडीही असते, मात्र आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत जसे सर्पिल बाहू आहेत तसे तिच्यात नसतात. एडविन हबल यांनी १९३६ साली दीर्घिकांचे वर्गीकरण मांडताना लंबगोल आणि सर्पिल या दोन जातींच्या मधल्या जागी हिला बसवले होते. नवे तारे ज्यातून जन्मतात तो थंड वायू अशा दीर्घिकांमध्ये फारसा उरलेला नसतो. तो वापरून संपलेला असतो किंवा दाट समूहातून प्रवास करताना ओरबाडला गेलेला असतो, आणि त्यामुळे त्यांत बहुतांशी जुने, पिवळट तारेच दिसतात.

एनजीसी ४०४ मात्र या बाबतीत सरळमार्गी नाही. तिच्याभोवती उदासीन हायड्रोजनची विस्तीर्ण तबकडी असल्याचे रेडिओ निरीक्षणांतून दिसले, आणि गॅलेक्स या अतिनील अंतराळ दुर्बिणीच्या चित्रांत तर बाहेरच्या बाजूला तरुण ताऱ्यांचे एक कडेच आढळले. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी एखादी वायूने भरलेली लहान दीर्घिका तिच्यात मिसळली असावी आणि त्या वायूतून हे कडे घडले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्या दुर्बिणीतून हे कडे दिसणार नाही, पण ज्या फिकट ठिपक्यासाठी रात्र जागवायची त्याच्या पोटात काय चालले आहे हे माहीत असले तर पाहण्याची ओढ वाढते, असा माझा अनुभव आहे.

ती खरोखरच मिराकच्या शेजारी आहे का?

नाही, दोघांची दिशा तेवढी एक आहे. मिराक आपल्यापासून सुमारे २०० प्रकाशवर्षांवर आहे आणि दीर्घिका सुमारे १ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळपास ५०,००० पट दूर. मंदसौरच्या तहानंतर, १८१८ साली, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिराकवरून निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो आहे. त्याच क्षणी त्याच आयपीसमधून येणारा दीर्घिकेचा प्रकाश मात्र पृथ्वीवर माणूस अवतरण्याच्या कितीतरी आधी निघाला होता. तरीही दीर्घिकांच्या जगात ही आपल्या जवळचीच म्हणायला हवी, कारण देवयानीतली प्रसिद्ध मोठी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि ही तिच्या चौपट अंतरावर.

इंदुरातल्या गच्चीवरून दिसेल का?

खात्री देता येणार नाही. राजवाड्याच्या आसपास किंवा नव्या वसाहतींतल्या उजळ रस्त्यांवरून चौथ्या प्रतीपलीकडचे तारे नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात, आणि अशा राखाडी आकाशात दीर्घिकेचा पसरट भाग पार्श्वभूमीत विरघळून जातो. असे असूनही हिच्या गाभ्याची दाटी बरी असल्यामुळे ८ किंवा १० इंची दुर्बिणीतून, पावसानंतरच्या एखाद्या अतिशय निर्मळ रात्री, शहराच्या कडेच्या गच्चीवरून नुसता गाभा ठिपक्यासारखा दिसू शकतो. प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही, मात्र पहिले दर्शन गच्चीवरून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण ज्याने ती एकदा काळोख्या आकाशात पाहिली आहे त्यालाच शहरात काय शोधायचे हे कळते.

आपले शहर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे, आणि ती शिस्त घरोघरी भिनलेली आहे. घराबाहेरचा दिवा झाकण लावून खाली वळवणे हे ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यापेक्षा अवघड काम नाही. आपल्या गल्लीपुरते शेजाऱ्यांशी बोलून पाहावे. आमच्या गल्लीत तीन घरांनी ऐकले आणि गच्चीच्या पूर्वेकडची बाजू खरोखर सुधारली.

मग शहराबाहेर कुठे जावे?

दक्षिणेकडे. खंडवा रस्त्याने सिमरोल मागे टाकून चोरलच्या बाजूला उतरले की इंदूरचा उजेड उत्तर क्षितिजावर राहतो आणि दीर्घिका तर जवळपास माथ्यावर असते, त्यामुळे त्या उजेडाचा उपद्रव कमी होतो. महूपलीकडचा जानापावचा डोंगरही उंचीमुळे चांगला आहे, पण तिथे उत्तरेकडून पीथमपूरच्या कारखान्यांचा उजेड जाणवतो. मांडव सुमारे १०० किलोमीटरवर आहे. एक रात्र राहण्याची तयारी असेल तर तिथल्यासारखे आकाश जवळपास दुसरीकडे नाही.

जागा कशी आहे हे तपासण्याची एक सोपी कसोटी सांगतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांनी बनलेला मोठा चौकोन सर्वांच्या ओळखीचा असतो. डोळे अंधाराला सरावल्यावर त्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजावे. एकही दिसला नाही तर त्या रात्री एनजीसी ४०४ चा नाद सोडून गुरू किंवा शनी पाहावा. शेजारीशेजारी असलेले दोन दिसले, तर आकाश साधारण साडेचार प्रतीपर्यंतचे आहे आणि ८ इंची दुर्बिणीने प्रयत्न करता येईल. चार-पाच दिसले तर नि:शंकपणे दुर्बीण मांडावी.

रात्री रानात जाताना एकट्याने जाऊ नये, वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्यावी आणि जवळच्या गावातल्या कोणाला तरी आपण काय करतो आहोत हे आधी सांगून ठेवावे. नळकांड्यासारखी लांब वस्तू घेऊन अंधारात उभ्या असलेल्या माणसांबद्दल गावकऱ्यांना शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांना बोलावून चंद्राची किंवा कृत्तिकांची झलक दाखवली की पुढच्या खेपेला तेच चहा घेऊन येतात.

कोणता महिना आणि कोणती वेळ सर्वांत चांगली?

इंदूरचे अक्षांश सुमारे २२.७ अंश आणि दीर्घिकेची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, सुमारे ३५.७ अंश उत्तर, म्हणून मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ती माथ्यापासून उत्तरेकडे फक्त १३ अंशांवर असते. ही वेळ १० ऑक्टोबरच्या सुमारास मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या आसपास, १० नोव्हेंबरला रात्री सव्वादहाच्या आसपास आणि १० डिसेंबरला सव्वाआठच्या सुमारास येते. रोज ती ४ मिनिटे आधी येते हे ध्यानात ठेवले की मधल्या तारखांचा अंदाज आपल्याला करता येतो.

लक्ष्मीपूजनाची अमावस्या नावाला काळोखी असते, पण फटाक्यांचा धूर आणि त्याच दिवसांत शेतांतले अवशेष जाळल्याचा धूर यांमुळे हवा गढूळ होते. तिच्यानंतरची अमावस्या माझ्या मते वर्षातली सर्वांत भरवशाची आहे. इथे एक गोष्ट इंदूरकर मराठी माणसाने विशेष सांभाळावी. आपल्या घरातल्या मराठी पंचांगात तिला कार्तिक अमावस्या म्हणतात, तर शेजाऱ्यांच्या हिंदी पंचांगात ती अगहन, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या असते, आणि त्यांची कार्तिक अमावस्या म्हणजे आपले लक्ष्मीपूजन. महिना पौर्णिमेला संपवायचा की अमावस्येला, या पद्धतीतल्या फरकामुळे हे होते. एका वर्षी आम्ही ‘कार्तिक अमावस्येला जाऊ’ एवढेच बोलून ठेवले होते आणि अर्धी मंडळी महिनाभर आधी निघायला तयार होऊन बसली. तेव्हापासून आम्ही इंग्रजी तारीखच कळवतो.

किती मोठी दुर्बीण लागते?

काळोख्या आकाशात ४ इंची पुरते, ६ इंची सोयीची पडते आणि ८ इंची असेल तर चिंता नको. ७० किंवा ८० मिमीच्या दुर्बिणीतून ती पाहिल्याचे अनुभवी निरीक्षक सांगतात, पण नवख्याने त्या भरवशावर जाऊ नये. पुढची सगळी आकडेमोड मी २०० मिमी व्यासाच्या आणि १२०० मिमी नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या, दुर्बिणीला धरून केली आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते.

मिराक कसा शोधायचा?

भाद्रपदांच्या चौकोनाचा ईशान्येकडचा कोपरा म्हणजे अल्फा देवयानी. तिथून शर्मिष्ठा आणि ययाति यांच्या बाजूला एक तुटक रांग जाते. त्या रांगेत आधी एक फिका तारा लागतो आणि त्याच्या पुढचा ठळक, नारिंगी झाक असलेला तारा म्हणजे मिराक. मोठी देवयानी दीर्घिका शोधताना आपण ज्या ताऱ्यापासून वळण घेतो तोच हा. खाली-वर करून शोधण्यासारखे यात काहीच नाही, आणि म्हणूनच पहिल्या रात्री पदरी पडणारी निराशा अधिक बोचते.

मिराक आयपीसमध्ये आला, पण त्याच्या उजेडापुढे काहीच दिसत नाही. काय करावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ८ इंची दुर्बीण आपल्या बाहुलीपेक्षा सुमारे ८०० पट अधिक प्रकाश गोळा करते, त्यामुळे तिच्यातून मिराक नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शुक्राच्या तोडीचा तेजस्वी होतो. त्याच्याकडे चार सेकंद पाहिले तरी वीस मिनिटे अंधारात बसून कमावलेली डोळ्यांची संवेदनशीलता उणावते, आणि शिवाय आयपीसमध्ये, आरशावर आणि आपल्या डोळ्याच्या भिंगातही विखुरलेला प्रकाश त्याच्याभोवती धुक्यासारखे वलय तयार करतो. दीर्घिका नेमकी त्या वलयात आहे. म्हणून मिराक सापडताच त्याला दृश्यक्षेत्राबाहेर काढणे हेच पहिले काम.

सुरुवातीला २५ मिमीच्या आयपीसने, म्हणजे ४८ पट वर्धनाने, मिराक मध्यावर आणावा आणि मग १० मिमीचा आयपीस लावावा. साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसने १२० पट वर्धनावर सुमारे २६ कलांचे क्षेत्र दिसते. आता दुर्बीण अगदी हलक्या हाताने ध्रुवाच्या दिशेला ढकलावी. दीर्घिका मध्यमंडलाजवळ असताना याचा अर्थ उत्तरेकडे तोंड करून नळी किंचित खाली झुकवणे एवढाच होतो. मिराक क्षेत्राच्या दक्षिण कडेकडे सरकत जाईल आणि कडेपलीकडे जाईल. तो नाहीसा झाला की हात थांबवावा. कडेबाहेर गेलेल्या मिराकपासून उत्तरेकडे सुमारे ६ कला आणि पश्चिमेकडे साडेतीन कला आत, म्हणजे क्षेत्राच्या त्रिज्येच्या मधोमध, दीर्घिका असली पाहिजे. आयपीसमधले चित्र उलटे असते, म्हणून ‘वर’ आणि ‘खाली’ असा विचार न करता ‘ज्या कडेने मिराक बाहेर गेला त्या कडेपासून आत’ असा विचार करावा.

दुर्बिणीला मोटर नसेल तर आकाश आपोआप पश्चिमेकडे वाहत राहते, आणि या क्रांतीवर ते वाहणे मिनिटाला सुमारे १२ कला एवढे असते. एका खेपेला साधारण दोन मिनिटे मिळतात, आणि ती पुरेशी आहेत. क्षेत्र संपले की पुन्हा मिराकवर यावे, पुन्हा त्याला बाहेर काढावे. माझ्या पहिल्या यशस्वी रात्री ही खेप मी अकरा वेळा केली. बाराव्या वेळी, नजर कडेकडे ठेवून श्वास रोखलेला असताना, ओल्या बोटाने पाटीवरचा खडूचा ठिपका पुसावा आणि तरीही त्याची पांढुरकी खूण राहावी तसा एक गोल डाग तिथे होता, आणि मधे तो जरा दाट होता. मी शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याला काही न सांगता बोलावले. त्याने क्षेत्रातल्या नेमक्या त्याच जागेवर ‘काका, इथे काहीतरी धुरकट आहे’ असे म्हटले, तेव्हा माझी खात्री पटली.

आयपीसमध्ये पट्टी लावून तारा झाकता येतो असे ऐकले आहे. ती कशी करावी?

येतो, आणि हा उपाय वरच्यापेक्षाही चांगला आहे. प्लॉसल जातीच्या आयपीसची चकचकीत नळी खालून पाहिली तर आत एक काळे कडे दिसते. दृश्यक्षेत्राची कड तेच ठरवते आणि ते नाभीवर असल्यामुळे तिथे ठेवलेली वस्तू आयपीसमधून रेखीव दिसते. अधिक रुंद क्षेत्राच्या बऱ्याच महागड्या आयपीसमध्ये हे कडे भिंगांच्या मधे बंद असते, तिथे हा प्रयोग करता येत नाही. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी करून दीड मिमी रुंदीची सरळ पट्टी कापावी, काळ्या मार्करने दोन्ही बाजूंनी रंगवावी आणि कड्याच्या बरोबर मधून आडवी ठेवून दोन टोकांना गोंदाचा कणभर ठिपका लावावा. भिंगाला बोट किंवा गोंद लागू देऊ नये.

आकडे असे बसतात: १२०० मिमी नाभीय अंतराला मिराक आणि दीर्घिका यांच्यातले अंतर प्रतिमेत अवघे २.४ मिमी भरते. पट्टी पूर्व-पश्चिम दिशेत येईल असा आयपीस फिरवला, म्हणजे तारा पट्टीच्या मागे लपलेला असतानाच पट्टीच्या लांबीवरून वाहत जातो आणि दोन मिनिटे झाकलेलाच राहतो. दीर्घिका पट्टीच्या मध्यरेषेपासून उत्तरेला सुमारे २ मिमीवर मोकळी असते. दिशा जुळवण्यासाठी दुर्बीण स्थिर ठेवून मिराक कसा वाहतो ते पाहावे आणि पट्टी त्याच्या वाटेला समांतर होईपर्यंत आयपीस फिरवत राहावा. यासाठी एक स्वस्तातला जुना आयपीस कायमचा बाजूला काढून ठेवणे मला योग्य वाटते.

मला दिसला तो डाग खरोखर दीर्घिका होता की आयपीसमधले परावर्तन?

ही शंका प्रत्येकाने घ्यावी. प्रखर तारा क्षेत्रात असताना आयपीसच्या भिंगांमध्ये त्याचे फिके प्रतिबिंब उमटते आणि तेही गोल, धूसर आणि थोडेफार दीर्घिकेसारखेच असते. ओळखण्याची खूण अशी की, दुर्बीण हलवली असता दीर्घिका मिराकपासूनचे आपले अंतर आणि दिशा सोडत नाही, तर प्रतिबिंब बहुधा क्षेत्राच्या मध्याच्या पलीकडच्या बाजूला राहून ताऱ्याच्या उलट दिशेने धावते. मिराक पूर्णपणे कडेबाहेर गेल्यावर प्रतिबिंब साधारणतः नाहीसे होते, दीर्घिका मात्र उलट अधिक स्पष्ट होते. सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मी सलग तीन रात्री अशाच प्रतिबिंबाची दीर्घिका म्हणून वहीत नोंद केली होती. चौथ्या रात्री आयपीस बदलल्यावर ‘दीर्घिका’ दुसरीकडे गेली, तेव्हा चूक उघड झाली. त्या तिन्ही नोंदींवर मी काट मारली, पान फाडले नाही.

तिरक्या नजरेने पाहणे म्हणजे काय?

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी असतात आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या बाजूला दाट असतात. म्हणून अंधुक वस्तूवर थेट नजर न रोखता जरा बाजूला पाहायचे आणि लक्ष मात्र वस्तूवर ठेवायचे. प्रत्येक डोळ्याला कानाच्या बाजूला एक आंधळा बिंदू असतो. वस्तू तिथे पडू नये म्हणून ती नाकाच्या बाजूला येईल अशी नजर वळवावी. निरीक्षणापूर्वी निदान अर्धा तास मोबाइल पाहू नये, नकाशासाठी मंद लाल दिवा वापरावा. नळी बोटाने अगदी हलके टिचकी मारून कंपित केली तर हलणारा धूसर डाग डोळ्याला अधिक चटकन जाणवतो.

ताऱ्यातून निघणाऱ्या चार किरणांत दीर्घिका अडकते. उपाय काय?

न्यूटनी दुर्बिणीत (आपली डॉब्सोनियन त्याच जातीची) दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पात्यांमुळे ते किरण उमटतात. ते नळीशी बांधलेले असतात, तर आकाश आयपीसमध्ये हळूहळू फिरत असते, आणि माथ्याजवळ हे फिरणे वेगवान असते. दीर्घिका किरणावर बसली असेल तर पाऊण तासाने पुन्हा पाहावे.

आरशावरच्या धुळीने फरक पडतो का?

चंद्र आणि ग्रह पाहताना फारसा पडत नाही, इथे पडतो. प्रत्येक धूलिकण मिराकचा प्रकाश विखुरतो आणि तो सगळा नेमका दीर्घिकेच्या जागी साचतो. उन्हाळ्यातली माळव्याची धूळ बारीक आणि चिकट असते. माझ्या आरशावर दोन वर्षांत तिचा पातळ थर बसला होता, तो धुतल्यावर मिराकभोवतीचे वलय पहिल्यापेक्षा स्पष्टपणे आखूड झाले. धुताना आधी वाहत्या पाण्याने सुटी धूळ जाऊ द्यावी, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब घालून कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने, दाब न देता, आरशावरून ओढावा, दर ओढीला नवा बोळा घ्यावा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा ठेवून निथळू द्यावा. पुसू नये. बसवल्यानंतर आरशांची जुळणी पुन्हा तपासावी.

दीर्घिका माथ्यावर असताना डॉब्सोनियन वळवणे फार अवघड जाते.

खरे आहे. जवळपास उभ्या नळीला आडवे ढकलले तर ती पुरेशी वळत नाही. मध्यमंडल ओलांडण्याच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर पाहावे. तेव्हाही ती क्षितिजापासून ६० अंशांच्या आसपास असते आणि नळी आज्ञेत राहते. १० डिसेंबरच्या रात्री दहाची वेळ या दृष्टीने फार सोयीची आहे, त्या वेळी शाळकरी मुलांनाही सोबत आणता येते.

फिल्टर वापरावा का?

नको. तेजोमेघांसाठीचे फिल्टर ठरावीक रंगांचा प्रकाश तेवढा आत सोडतात, दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असल्यामुळे सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि फिल्टर त्यालाही तेवढाच अडवतो.

दव पडून सगळे धुरकट होते, तेव्हा?

नर्मदेच्या बाजूला उतरले की मार्गशीर्षात रात्री दहानंतर दव पडतेच. न्यूटनी दुर्बिणीत मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, पण फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) आणि आयपीस लवकर झाकोळतात, आणि झाकोळलेल्या आयपीसमध्ये प्रत्येक ताऱ्याला भूत चिकटलेले दिसते. आयपीस स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावा, आयपीसवर श्वास सोडू नये आणि नळीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची गुंडाळी हातभर पुढे काढून बांधावी. भिंगावरचे दव पुसून काढू नये.

छायाचित्र घेता येईल का?

डोळ्याने पाहण्यापेक्षा हे सोपे आहे. मागोवा घेणाऱ्या मांडणीवर २०० मिमीच्या साध्या कॅमेरा लेन्सनेही ती टिपता येते. एकच लांबलचक उद्भासन (एक्स्पोजर) घेतल्यास मिराक फुगून दीर्घिकेला गिळतो, म्हणून ३० सेकंदांच्या आसपासची पुष्कळ चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावीत. डॉब्सोनियनच्या आयपीसला मोबाइल लावून मात्र ती हाती लागणे दुरापास्त आहे.

दिसल्यावर तिच्यात काय काय पाहावे?

बाहू, धुळीचे पट्टे किंवा रंग शोधू नयेत. ती आपल्याला जवळपास समोरून दिसते, त्यामुळे मसुराचा कडेचा आकार नव्हे तर दाण्याची गोल पाठ दिसते. गाभा किती लहान आहे, तो ताऱ्यासारखा टोकदार वाटतो की मऊ, आणि तिरक्या नजरेने डाग किती पसरतो, एवढे पाहण्यासारखे आहे. वर्धन २०० पटींपर्यंत नेले की पार्श्वभूमी काळवंडते आणि गाभा अधिक उठून दिसतो. नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, चौकोनात मोजलेले तारे, आयपीस आणि एक पेन्सिलचित्र एवढे असावे. चित्रात मिराकची जागा बाणाने दाखवावी, भले तो क्षेत्राबाहेर असला तरी.

ही जात कडेने कशी दिसते, ते पाहायचे असेल तर?

त्याच मोसमात ययाति तारकासमूहातली एनजीसी १०२३ पाहावी. तिची प्रत सुमारे ९.५ आहे, ती लांबट आहे आणि तिच्या शेजारी त्रास देणारा तारा नाही, म्हणून नवख्याने खरे तर मिराकच्या भुताआधी तिच्यावर हात बसवावा. त्याहूनही देखणी आहे षडंश तारकासमूहातली एनजीसी ३११५. विल्यम हर्शेल यांनीच २२ फेब्रुवारी १७८७ रोजी ती शोधली. इंदूरहून ती ५९ अंशांपर्यंत वर येते, आणि होळीच्या आधीच्या अमावस्येला रात्री साडेअकराच्या सुमारास चोरलच्या काळोखात ८ इंची दुर्बिणीतून तिची सुतकताईच्या चातीसारखी निमुळती, दोन्ही टोकांना धारदार होत गेलेली कड थेट नजरेने दिसते.